सहा तासांची गैरहजिरी, नऊ वर्षांचा हिशेब

आमचे चुलते अण्णा हवालदार म्हणून पलटणीतून निवृत्त झाले, त्या वर्षी त्यांच्या शेवटच्या हिशेबात बारा दिवसांचा पगार वजा होऊन आला. कारणाच्या रकान्यात ‘जादा रजा’ एवढंच लिहिलेलं. कुठल्या वर्षातली, कुठली रजा, हे समजायला दोन पत्रं आणि चार महिने लागले. मग उलगडा झाला. नऊ वर्षांपूर्वी आजी गेली तेव्हा अण्णा सुट्टीवरच होते. दहावं-तेरावं उरकेपर्यंत त्यांनी सुट्टी वाढवून मागितली आणि कंपनी कमांडर साहेबांनी फोनवर ‘पुढच्या वर्षाच्या रजेतून वळते करू’ असं सांगितलं. वळते करण्याचा कागद मात्र कधी निघालाच नाही. कागद नाही म्हणून रजा नाही, रजा नाही म्हणून पगार नाही, आणि पगार तर देऊन झालेला. तेव्हा तो परत करा.

रक्कम मोठी नव्हती. अण्णांना लागलं ते ‘जादा’ या शब्दाचं. चोवीस वर्षांच्या नोकरीत ज्या माणसाने गाडी चुकू नये म्हणून एक दिवस आधी स्टेशनवर जाऊन झोपायची सवय लावून घेतली, त्याच्या नावापुढे शेवटच्या कागदावर हा शब्द आला.

आमच्या सातारा जिल्ह्यात असा विषय पारावर निघाला की दोनच सूर लागतात. कित्येक गावांत इथे घरटी एक माणूस फौजेत. अपशिंगे गावाच्या तर नावातच ‘मिलिटरी’ आहे, आणि पहिल्या महायुद्धात त्या एकट्या गावाची ४६ माणसं कामी आली. त्यामुळे पहिला सूर संतापाचा असतो: सीमेवर छातीचा कोट करणाऱ्याकडून बारा दिवसांचा पगार मागता? दुसरा सूर हिशेबाचा: पैसा जनतेचा आहे, शिक्षकाला जो नियम तोच जवानाला, वर्दी घातली म्हणून येणं माफ होत नाही. दोन्ही बाजूंची माणसं मनापासून बोलतात, पण नेमकं दुखणं कुठे आहे ते कुणालाच सापडत नाही. पहिल्यांना वसुली म्हणजे अपमान वाटतो, म्हणून ते कुठल्याच वसुलीला तयार नसतात. दुसऱ्यांना वसुली म्हणजे वजाबाकी वाटते, म्हणून ती कोण करतंय, कधी करतंय आणि कुठल्या कागदावरून करतंय, हे ते विचारतच नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. जी ड्यूटी केली नाही तिचा पगार परत करण्याची जबाबदारी सैनिकावर असावी. पण ती त्याला वेळेत आणि कागदानिशी कळवलेली असेल तरच. रजेची नोंद ठेवण्याचं काम सैन्याने स्वतःच्या हातात घेतलं आहे. त्या नोंदीला झालेल्या उशिराचा भुर्दंड, ज्याच्या हातात ती नोंद कधीच नव्हती त्याने भरावा, हे मला मान्य नाही.

या चर्चेत कायदा कुणी उघडून पाहत नाही, म्हणून आधी तोच पाहू. सेना अधिनियम, ज्याला फौजेत सगळे आर्मी ॲक्टच म्हणतात, १९५० चा. त्याच्या कलम ३९ प्रमाणे परवानगीवाचून गैरहजर राहणं हा गुन्हा आहे, आणि मिळालेल्या सुट्टीपेक्षा पुरेशा कारणावाचून जास्त थांबणं हाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैदेची. ‘पुरेशा कारणावाचून’ हे शब्द लक्षात ठेवा. पगारकपातीची कलमं पुढे येतात. कलम ९० अधिकाऱ्यांसाठी, कलम ९१ बाकीच्यांसाठी. अधिकारी परवानगीवाचून जितके दिवस गैरहजर राहील तितक्या दिवसांचा पगार कापावा, पण त्याने आपल्या कमांडिंग ऑफिसरला समाधानकारक खुलासा दिला आणि केंद्र सरकारने तो मान्य केला तर कापू नये, असं ९० मध्ये लिहिलं आहे. आता ९१ वाचा. जवान, नाईक, हवालदार, सुभेदार यांच्या बाबतीत गैरहजिरीच्या प्रत्येक दिवसाचा पगार आणि भत्ते कापायचे. खुलाशाचे शब्द त्या पोटकलमात नाहीत. कपात माफ करण्याचा सर्वसाधारण अधिकार कायद्यात पुढे ठेवला आहे, हे खरं. पण अधिकाऱ्याला जे कलमाच्या पहिल्याच वाक्यात मिळतं, ते जवानाला वरच्यांच्या मर्जीतून मिळवावं लागतं. एकाच घाटात दरड कोसळून कॅप्टन आणि शिपाई दोघेही चार दिवस अडकले, तर एकाला ‘का उशीर झाला’ हे सांगण्याची जागा खुद्द कायद्याने दिली आणि दुसऱ्याला दिली नाही. १९५० साली हा भेद कुणाला खटकला नसेल. आज तो का खटकू नये?

कलम ९२ मला याहून बोलकं वाटतं. गैरहजिरी मोजायची कशी, हे त्यात सांगितलं आहे. सलग सहा तास गैरहजर राहिलात की एक दिवस धरायचा. बारा तास किंवा जास्त राहिलात, तर ते तास ज्या ज्या दिवसांना शिवतात ते सगळे दिवस पूर्ण धरायचे. सहा तासांहून कमी असलं तरी, तुमच्या वाटची ड्यूटी त्यामुळे दुसऱ्या कुणावर पडली असेल, तर तोही एक दिवस धरता येतो. पुढे कलम १०६ आहे. तीस दिवस पत्ता नसेल तर चौकशी बसवायची. सैनिकाच्या घड्याळाचे काटे इतक्या बारकाईने मोजणाऱ्या या कायद्यात, गैरहजिरीची नोंद किती दिवसांत पगाराच्या कचेरीत पोहोचली पाहिजे आणि किती काळानंतर ती उकरून काढता येणार नाही, याची मुदत कुठेच लिहिलेली नाही. सैनिकासाठी सहा तास, कचेरीसाठी नऊ वर्षंही चालतात. सगळा वाद या जागेवर व्हायला हवा आणि नेमका इथेच होत नाही.

वसुलीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं सगळ्यात वजनदार म्हणणं मला एका निवृत्त सुभेदारांनीच सुनावलं, आणि ते मी विसरलो नाही. ते म्हणाले, “तो सुट्टीवर चार दिवस जास्त राहिला तर त्याच्या जागी संतरी म्हणून कोण उभं राहतं? मी. दोन तासांची पाळी चार तासांची होते, तीही बर्फात. त्याचा पगार कापू नका म्हणणाऱ्यांनी माझ्या पायांचा विचार केलाय का?” याला उत्तर नाही. ऑफिसातला माणूस आला नाही तर फाइल थांबते. चौकीवर माणूस आला नाही तर दुसऱ्याची झोप जाते, कधी जीवही जातो. म्हणून जो जाणूनबुजून थांबला, लग्नाचा हंगाम आहे, ऊसतोड आहे, म्हणून फोन बंद करून घरी बसला, त्याचा पगार कापावा. शिक्षाही व्हावी. त्याची वकिली मी करत नाही.

पण सुभेदारांच्या या न्यायाला काळाचं भान आहे, ते वसुलीवाल्यांच्या लक्षात येत नाही. पुढच्या महिन्यात पगार कापला तर कंपनीतल्या शंभर माणसांना ते दिसतं. बर्फात उभं राहिलेल्याला वाटतं की आपल्या पायांची किंमत कुणीतरी केली. नऊ वर्षांनी, माणूस पलटण सोडून गेल्यावर, दूरच्या कचेरीतून आकडा वजा झाला, तर त्यातून कुणाला कसली शिस्त लागते? तोवर त्याच्या जागी उभा राहिलेला संतरीही पेन्शनीत गेलेला असतो. शिस्तीचा मुद्दा खरा मानायचा, तर उशिरा केलेल्या वसुलीचं समर्थन त्यातून निघतच नाही. उलट, वेळेत हिशेब करा अशी मागणी निघते.

दुसरं म्हणणं जनतेच्या पैशाचं. तेही हलकं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली उत्तराखंडातल्या एका प्रकरणात हे फार ठामपणे मांडलं. जास्तीचा गेलेला पैसा करदात्यांचा आहे, तो देणाऱ्या अधिकाऱ्याच्या मालकीचा नाही आणि घेणाऱ्याच्याही नाही, म्हणून मोजके अपवाद सोडता तो परत आलाच पाहिजे. मला हे पटतं. पण त्याच वाक्याचा पहिला अर्धा भाग आपण वाचून सोडून देतो. पैसा देणाऱ्याच्याही मालकीचा नव्हता ना? मग तो विचार न करता देण्याची आणि वर्षानुवर्षं न तपासण्याची जबाबदारी कुठे गेली? चूक दोघांच्या व्यवहारात झाली आणि भरपाई मात्र एकाच्याच पगारातून होते. तिजोरीची काळजी खरी असेल, तर चूक पहिल्याच महिन्यात पकडण्यात तिजोरीचा जास्त फायदा आहे. जुन्या वसुल्यांतून आलेला पैसा मोजताना त्या पत्रव्यवहाराचा, अपिलांचा, वकिलांचा खर्च कुणी मांडतं का?

तिसरं म्हणणं सगळ्यात साधं, म्हणून सगळ्यात जास्त पटणारं: आपण किती दिवस घरी होतो हे जवानाला माहीत नसतं का? पगार पूर्ण आलाय हे त्याला दिसत नाही का? दिवस त्याला पाठ असतात, हे मान्य. आमच्याकडे तर गल्लीतल्या पोरांनाही पाठ असतात. पण ते दिवस कुठल्या खात्यात पडले, हे त्याला कोण सांगणार? जवानाला वर्षाला साठ दिवस वार्षिक रजा आणि तीस दिवस किरकोळ रजा. वार्षिक रजा एकदम मिळत नाही, तुकड्यांत मिळते, कधी पुढच्या वर्षाच्या खात्यातून आगाऊ मिळते. किरकोळ रजा ड्यूटीत धरतात, पण ती वार्षिक रजेला जोडता येत नाही. म्हणजे सुट्टी वाढवावी लागली तर किरकोळ रजा शिल्लक असूनही ती उपयोगी पडत नाही. एका खिशात शिल्लक आणि दुसऱ्या खिशात तूट, असा हा कर्जबाजारीपणा. त्यात वैद्यकीय रजा वेगळी, प्रवासाचे दिवस वेगळे. ट्रान्झिट कॅम्पात, म्हणजे पुढच्या प्रवासाची वाट पाहण्याच्या तळावर, हजेरी लावली, पण रस्ता बंद म्हणून काफिला आठवडाभर हललाच नाही, तर ते दिवस वेगळे. २०२० च्या मार्चमध्ये देशभरच्या रेल्वेगाड्या थांबल्या आणि सुट्टीवर आलेले जवान गावातच अडकले. त्या दिवसांना कुणी कामचुकारपणा म्हणेल?

शिवाय जवानाचा पगार त्याच्या कंपनीतून होत नाही. रजेवर गेला, परत आला, रजा वाढली, या सगळ्याची नोंद युनिट ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये छापतं, तो कागद पे अकाउंट्स ऑफिसात जातो आणि तिथे त्याच्या खात्यात जमा-वजा होतं. युनिट सियाचीनच्या पायथ्याशी, कचेरी हजार मैलांवर, आणि मधल्या वर्षांत युनिटच्या दोन-तीन बदल्या झालेल्या. ऑर्डर उशिरा निघाली, चुकीच्या तारखेची निघाली किंवा निघालीच नाही, तर महिन्याच्या पगारपत्रकात सगळं ठीकच दिसतं. चूक बाहेर येते ती शेवटचा हिशेब करताना, कारण सगळी पानं एकत्र त्याच वेळी उलटली जातात. खात्यावर असं जे देणं निघतं त्याला फौजेत ‘डेबिट बॅलन्स’ म्हणतात. ज्या महिन्यात पगार बंद होतो, पोरीचं लग्न किंवा घराचं बांधकाम काढलेलं असतं, नेमका त्याच महिन्यात तो जवानाच्या अंगावर येतो.

या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे नाही असंही नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सैन्याच्या वैद्यकीय सेवेतल्या निवृत्त डॉक्टरांचं प्रकरण आलं होतं. पेन्शनच्या हिशेबात एक भत्ता कसा धरायचा यावरून त्यांना जास्तीची रक्कम गेली होती. हिशेबाच्या प्रश्नावर न्यायालयाने सरकारचं म्हणणं उचलून धरलं, पण गेलेली रक्कम परत घेऊ दिली नाही. कारण जे दिलं ते प्रत्येकाने वाचावं असं आहे. कर्मचाऱ्याचा त्या पैशावर हक्क आहे म्हणून ही सूट नाही. खालच्या पायरीवरचा माणूस हातात येतं ते कुटुंबावर खर्च करतो, ते आपलंच आहे या समजुतीने खर्च करतो, आणि मागाहून ते काढून घेतलं तर त्याचं कंबरडं मोडतं, म्हणून ही सूट. पण जास्तीचं मिळतंय हे त्याला माहीत असेल, किंवा चूक थोड्याच काळात पकडली गेली असेल, तर सूट नाही. माहिती होती का, आणि किती वेळ गेला, या दोन कसोट्या तिथे घालून दिल्या आहेत. आठ वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये, पंजाब सरकारच्या प्रकरणात, ज्याला वकील मंडळी रफिक मसीह निकाल म्हणतात, न्यायालयाने वसुली कुठे करता येणार नाही याची यादीच दिली. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्याकडून नाही, निवृत्त झालेल्याकडून किंवा वर्षभरात होणाऱ्याकडून नाही, पाच वर्षांहून अधिक काळ जास्तीचं देत राहिल्यावर नाही. केंद्र सरकारने २ मार्च २०१६ रोजी त्यावर परिपत्रकही काढलं. त्याच वर्षी आणखी एका निकालाने त्यात फट ठेवली. जास्तीचं मिळाल्यास परत करीन असं हमीपत्र कर्मचाऱ्याने आधीच दिलं असेल, तर तो त्याला बांधील. आता सांगा, पुढे ठेवलेल्या छापील कागदावर सही करायला आजवर कोणत्या जवानाने नकार दिला आहे?

आणि हे निकाल बारा दिवसांच्या पगाराला उपयोगी पडत नाहीत. सैनिकांसाठी सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, २००७ च्या कायद्याने आलेलं, मुंबईला त्याचं खंडपीठही आहे. पण बारा दिवसांच्या पगारासाठी साताऱ्याहून मुंबईच्या किती खेपा परवडतात? जे कर्ज लाखांत असतं ते न्यायालयापर्यंत पोहोचतं आणि तिथे नवा निकाल घडतो. जे हजारांत असतं ते गुमान भरलं जातं. ज्यांचं नुकसान लहान, त्यांच्याच वाट्याला कायदा सगळ्यात कमी येतो. म्हणून निकालांवर भिस्त ठेवून भागणार नाही, नियमच बदलावा लागेल.

याबाबतीत अमेरिकेचं उदाहरण पाहण्यासारखं आहे, कारण जादा रजेचा हिशेब त्यांनी आपल्याहून फार पुढे नेला आणि तरी ठेच खाल्ली. तिथे सैनिकाची रजा महिन्याला अडीच दिवस, म्हणजे वर्षाला तीस दिवस, अशी साठत जाते. कमवायच्या आधीच रजा आगाऊ घेता येते. पण ती भरून निघण्याआधी सैनिक नोकरीतून बाहेर पडला तर ते दिवस जादा रजा ठरतात आणि त्यांचा पगार परत द्यावा लागतो. तत्त्व म्हणून यात काही वावगं नाही, दर महिन्याच्या पगारपत्रकावर रजेची शिल्लक छापलेली असते, सैनिकाला ती दिसते. पण माणूस बाहेर पडतो तो नेहमी स्वतःच्या इच्छेने पडतो का? इराक-अफगाणिस्तानात जखमी होऊन घरी परतलेल्यांच्या मागेही ही हिशेबाची यंत्रणा लागली. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने एप्रिल २००६ मध्ये अहवाल दिला: युद्धात जखमी होऊन सैन्याबाहेर पडलेल्या जवळजवळ ९०० सैनिकांच्या नावावर मिळून सुमारे १२ लाख डॉलरचं देणं होतं, आणि त्यातलं कितीतरी पगाराच्या कचेऱ्यांच्याच चुकांतून उभं राहिलेलं होतं. काहींच्या मागे वसुली एजन्सी लागल्या होत्या. पाय गमावलेल्या माणसाच्या दारात वसुलीवाला उभा करणं ही कुणा एकाची दुष्टाई नव्हती. चुकीची नोंद कुणाच्याही नावावर बसली की पुढचं सगळं आपोआप होत जाईल, अशी ती व्यवस्थाच होती.

दहा वर्षांनी तेच पुन्हा घडलं. कॅलिफोर्नियाच्या नॅशनल गार्डमधल्या, म्हणजे त्या राज्याच्या राखीव फौजेतल्या, हजारो सैनिकांना पुन्हा भरती होण्यासाठी दिलेले बोनस, कुणाला पंधरा हजार डॉलर, कुणाला त्याहूनही जास्त, दशकभरानंतर परत मागितले गेले. देणाऱ्यांनी नियम मोडले होते, घेणाऱ्यांनी त्या बोनसच्या भरवशावर युद्धावर जाऊन सेवा पुरी केली होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये हे वर्तमानपत्रातून बाहेर आलं, देश खवळला आणि संरक्षणमंत्री ॲश कार्टर यांना काही दिवसांतच वसुली थांबवावी लागली. तिथे १९७२ पासून असा कायदा आहे की चुकून गेलेल्या पगाराची वसुली न्यायबुद्धीला पटणारी नसेल आणि सैनिकाच्या बाजूने लबाडी नसेल, तर ती माफ करता येते. कायदा होता, माफीची वाट होती, तरीही हजारो माणसं भरडली गेली, कारण माफी मागण्याचं ओझं सैनिकावर होतं. तो मागेल तर मिळणार, कागद जुळवेल तर मिळणार. आपण फक्त माफीची तरतूद आणून थांबलो तर आपल्याकडेही हेच होईल.

राज्य आणि शिपाई यांच्यातला पगाराचा हिशेब कधीच बरोबरीचा नव्हता. पेशवाईच्या उत्तरकाळात पगार तुंबला की शिपाई सरदाराच्या दारात धरणं धरून बसत. सरदाराचं बाहेर जाणं, जेवणखाण अडे, तेव्हा कुठे सावकार शोधला जाई. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांना १९२४ च्या कायद्याने बोनस मंजूर झाला, पण तो मिळणार होता १९४५ ला. मंदीत उपाशी मरू लागलेले हजारो माजी सैनिक १९३२ च्या उन्हाळ्यात तो आधी मागायला वॉशिंग्टनला जमले, तर २८ जुलैला जनरल मॅकआर्थर यांच्या हुकमाखालच्या फौजेने त्यांना हुसकून लावलं, त्यांच्या झोपड्या जळाल्या. राज्याचं देणं असलं की वीस-एकवीस वर्षांची मुदत, सैनिकाचं देणं असलं की चालू महिन्याची कपात. धरणं धरणाऱ्या शिपायाला निदान दार कुणाचं ते माहीत होतं. आजच्या जवानाला आपला पगार कुणी कापला, त्या टेबलाचा पत्ताही सापडत नाही.

येत्या काळात हा प्रश्न मोठा होणार आहे, म्हणूनही तो आता नीट लढवला पाहिजे. २०२२ च्या अग्निपथ योजनेतून भरती झालेल्या मुलांना वर्षाला तीस दिवस रजा आहे, म्हणजे नेहमीच्या जवानाच्या वार्षिक रजेच्या निम्मी. चार वर्षांनी त्यांतली साधारण तीन चतुर्थांश मुलं बाहेर पडतील, एका वेळी हजारोंनी, आणि प्रत्येकाचा शेवटचा हिशेब होईल. त्यांना पेन्शन नाही. बाहेर पडताना जी सेवानिधीची एकरकमी रक्कम मिळेल तिच्यातला अर्धा भाग त्यांच्याच पगारातून दर महिन्याला कापलेला आहे. तेविशीतल्या मुलाला दुकान टाकायचं आहे, पोलीस भरतीची तयारी करायची आहे, आणि त्या वेळी दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या वाढवलेल्या सुट्टीचा कागद त्याच्यापुढे आला, तर तो कुणाकडे दाद मागेल? पलटणीशी त्याचं नातं तुटलेलं, माजी सैनिकाचे लागेबांधे अजून जुळायचे.

म्हणून माझ्या मते नियम असा हवा. सुट्टीवरून परतलेल्या जवानाच्या रजेचा हिशेब तीन महिन्यांत त्याला कळेल अशा भाषेत त्याच्या हातात पडावा आणि त्यावर त्याची सही किंवा हरकत घेतली जावी. त्या मुदतीत कपात झाली तर ती बिनतक्रार मान्य करावी लागेल, मग तो कितीही शूर असो. एक वर्ष उलटून गेलं की गैरहजिरी खरोखर झाली आणि ती जाणूनबुजून झाली, हे सिद्ध करण्याचं काम कचेरीचं. जवानाने काहीच सिद्ध करायचं नाही. जखमी होऊन किंवा आजारपणामुळे बाहेर काढलेल्या सैनिकाच्या आगाऊ घेतलेल्या रजेचा पगार मागूच नये, कारण ती रजा फेडायची संधी त्याच्याकडून सैन्यानेच काढून घेतलेली असते. आणि कलम ९० मध्ये अधिकाऱ्यासाठी जे खुलाशाचे शब्द आहेत ते ९१ मध्ये जवानासाठीही यावेत. मुदत घातली तर लबाड माणसं तिचा फायदा घेतील, अशी भीती कुणी दाखवेल. घेतील काहीजण. पण लबाडाला पकडायला कचेरीकडे एक वर्ष असेल, आणि ज्या सैन्याला सहा तासांची गैरहजिरी मोजता येते त्याला एक वर्ष पुरत नसेल, तर त्याचं खापर प्रामाणिक माणसाच्या डोक्यावर का?

अण्णांनी पुढे काही केलं नाही. पत्रात त्यांच्याकडे त्या बारा दिवसांच्या मंजुरीचा पुरावा मागितला होता, म्हणून त्यांनी माळ्यावरची काळी ट्रंक उतरवली. पदकं, कोर्सची प्रमाणपत्रं, तार जपावी तसा जपलेला, आजी गेली त्या वेळचा माझ्या वडिलांचा कागद, सगळं तारीखवार निघालं. रजेचा पास तेवढा नव्हता. “परत गेलो की तो कंपनी ऑफिसात जमा करावा लागतो,” अण्णा म्हणाले, “त्यांच्याकडेच असंल की.” मग त्यांनी ट्रंक बंद केली आणि बारा दिवसांच्या कपातीला संमती असल्याच्या कागदावर, जिथे फुली मारून दिली होती तिथे, नाव, नंबर आणि हुद्दा लिहून सही केली.